टोमॅटो सूप आणि पनीरचे गोळे: आपल्या चुलीपर्यंतचा प्रवास



गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळात एकीने प्रश्न टाकला. तिची नवी सून पुण्याची. तिने घरी टोमॅटोचं सूप केलं आणि त्यात चीजचे छोटे छोटे गोळे सोडले. घरात दोन तट पडले. मंडळातही लगेच पडले. एक म्हणाली, चीज म्हणजे वासराच्या पोटातलं, हात लावू नये. दुसरी म्हणाली, पाकिटावर हिरवा ठिपका आहे, मग कसली अडचण? तिसरी वयाने सगळ्यांत मोठी. ती हसून म्हणाली, "चीजचं काय घेऊन बसलात, आमच्या सासवा टोमॅटोसुद्धा घरात येऊ देत नव्हत्या."

तिसरीचं बोलणं अगदी खरं आहे. आज पन्नाशीच्या आत असलेल्या मैत्रिणींना ते पटणार नाही, कारण टोमॅटोशिवाय स्वयंपाक त्यांनी पाहिलेलाच नाही. म्हणून आज कृती शेवटी देते, आधी थोडा इतिहास. मी बी.कॉम. झालेली, इतिहासाची विद्यार्थिनी नाही. पण वही तपासायची म्हटलं की जुनी नोंद आधी काढायची, एवढं वाणिज्य शाखेनं शिकवलं आहे.

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. मेक्सिकोतल्या लोकांनी त्याची शेती वाढवली. त्यांच्या भाषेत त्याला 'टोमाट्ल' म्हणत, तिथूनच हे नाव जगभर गेलं. कोलंबस अमेरिकेला पोहोचला १४९२ मध्ये, आणि त्यानंतर स्पॅनिश लोकांनी हे फळ युरोपात नेलं. तिथेही ते कुणी आनंदाने खाल्लं नाही. विषारी झाडांच्या कुळातलं, पानांना उग्र वास, म्हणून लोक बिचकत. इंग्लंडमधल्या जॉन जेरार्ड नावाच्या वनस्पतीच्या जाणकाराने १५९७ च्या आपल्या ग्रंथात टोमॅटोला नावंच ठेवली. आपल्या आज्यांनाच काही हट्टी म्हणायचं कारण नाही, गोऱ्या साहेबाची आजीही टोमॅटोला घाबरत होती.

आता आपल्या ग्रंथांकडे या. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात गुजरातच्या कुमारपाल राजासाठी 'योगशास्त्र' लिहिलं. त्याच्या तिसऱ्या प्रकाशात श्रावकाने काय खाऊ नये ते सांगितलं आहे: मद्य, मांस, लोणी, मध, उंबर-वडाची फळं, अनंतकाय, रात्रीचं भोजन. आणि त्यात आणखी एक शब्द आहे, 'अज्ञात फळ'. म्हणजे ज्याचं नाव, गुण, दोष आपल्याला माहीत नाहीत असं फळ. पुढे बावीस अभक्ष्यांची जी यादी आपण लहानपणी पाठशाळेत घोकली, तिच्यातही हे अजाण फळ आहे, बहुबीज आहे आणि वांगंही आहे.

हेमचंद्राचार्यांनी टोमॅटो पाहिलाच नव्हता. कोलंबसाच्या आधी साडेतीनशे वर्षं ते लिहीत होते. त्यामुळे टोमॅटो चालतो की नाही याचं तयार उत्तर पोथीत मिळणारच नाही. बटाट्याचंही तसंच. बटाटाही अमेरिकेचा आणि त्याचं नावही पोर्तुगीज. तो जमिनीखाली वाढतो म्हणून सरळ अनंतकायात गेला, त्याच्यावर फार चर्चा लागली नाही. टोमॅटो मात्र झाडावर लागतो. मग त्याला कुठल्या खात्यात टाकायचं?

तीन शंका होत्या. पहिली, हे अजाण फळ. दुसरी, हे वांग्याच्या कुळातलं. बंगालीत तर टोमॅटोला 'विलायती बेगुन' म्हणजे विलायती वांगंच म्हणत. तिसरी, आत बियाच बिया, म्हणजे बहुबीज. यावर उत्तर देणारे सांगत की बहुबीज म्हणजे ज्यात बिया गरात मोकळ्या भरलेल्या असतात, मधे पडदा नसतो. टोमॅटो आडवा कापून बघा, आत कप्पे दिसतात. कुणाचं या उत्तराने समाधान होतं, कुणाचं होत नाही. ज्या बहिणींनी टोमॅटोचे पच्चक्खाण घेतले आहेत त्यांनी ते पाळावेत, त्यांच्याशी वाद घालायला मी हे लिहीत नाही.

चौथी शंका कुठल्याच ग्रंथात नव्हती, पण बायकांच्या मनात सगळ्यांत मोठी तीच होती. लाल रंग. चिरला की हाताला लागणारा तो लाल रस. त्याने आमच्या आजेसासूंना मळमळायचं.

आपल्याकडे तो आला कधी? मिरची, बटाटा यांच्यासारखा पोर्तुगिजांच्या वाटेनेच आला असं मानतात. पण मिरची जशी शंभर-दोनशे वर्षांत घराघरात गेली तसा टोमॅटो गेला नाही. जॉर्ज वॅट या इंग्रज अधिकाऱ्याने १८८९ पासून हिंदुस्थानातल्या पिकांचा मोठा कोश छापला. त्यात त्याने लिहून ठेवलं आहे की टोमॅटो मुख्यतः युरोपियन लोकांसाठी लावला जातो, बंगाली आणि ब्रह्मी लोक तेवढे तो आंबट कालवणात घालतात. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत आणि तिथे घोडदळाची छावणी होती. छावणी तिथे साहेब, आणि साहेब तिथे साहेबाची भाजी. आपल्या भागात टोमॅटोची पहिली ओळख अशीच झाली असणार असं मला वाटतं.

आमच्या घरातली गोष्ट सांगते. माझं लग्न १९८१ साली झालं. आजेसासू तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे, तरुणपणीच वैधव्य आलेलं. स्वयंपाकघर सासूबाईंच्या हातात होतं, पण शब्द आजेसासूंचा. सासूबाई सांगायच्या, त्या नव्या नवरी होत्या तेव्हा टोमॅटो मागच्या अंगणात शेगडीवर शिजायचा. पातेलंही वेगळं. त्याला एक व्यवहारी कारणही होतं. घरात भांडी पितळेची, कल्हई जरा उडाली की आंबट पदार्थ कळकतो. चिंचेचं सार वर्षानुवर्षं कल्हईच्या ठरावीक पातेल्यातच व्हायचं. टोमॅटोसाठी दुसरं पातेलं कल्हई करून ठेवायला आजेसासू तयार नव्हत्या. पुढे स्टीलची भांडी आली आणि ही अडचण आपोआप संपली. (स्टीलने आपल्या स्वयंपाकघरात काय काय बदललं यावर कधीतरी वेगळं लिहायचं आहे.)

मग १९७२ चा दुष्काळ आला. बीड जिल्ह्यातल्या ज्या बायका आज साठीच्या पुढे आहेत त्यांना तो सांगायला नको. ज्वारी नाही, भाजी नाही, विहिरीत पाणी नाही. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो मिळायची, कामावर सुकडी मिळायची. ज्या मिलोकडे आधी कुणी बघितलं नसतं तिच्या भाकरी लोकांनी खाल्ल्या. सासूबाईंचं म्हणणं होतं की अन्नाबद्दलचे बरेचसे रुसवे त्या दोन वर्षांत गेले.

दुष्काळ सरल्यावर बाजारात टोमॅटो वाढला. दिल्लीच्या संशोधन संस्थेचं 'पुसा रुबी' वाण आधीपासून होतंच. बंगळूरच्या एका कंपनीने १९७३ मध्ये संकरित टोमॅटोचं बियाणं बाजारात आणलं. पुढे आपल्या शेजारच्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'भाग्यश्री', 'धनश्री' अशी वाणं काढली. नावं बघा, अगदी घरच्या लेकींची. परक्या फळाला असं नाव मिळालं की ते परकं कसं राहणार?

एक दिवस आजेसासूंनीच निकाल दिला. मी तेव्हा घरात आले होते, त्यामुळे हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्या सासूबाईंना म्हणाल्या, "आता गावातलं पोरगंपोरगं याचं नाव घेतं. एवढी वर्षं लोक खातात, कुणाला काही झालं नाही. अजाण कुठं राहिलं ते? आणा आत." शेगडी अंगणातून आत आली. त्यांनी स्वतः मात्र शेवटपर्यंत टोमॅटो तोंडात घातला नाही. रंगाचं त्यांच्या मनातून गेलं नाही, आणि ते त्यांनी आमच्यावर लादलंही नाही.

मला या निकालाचं फार मोल वाटतं. कुठल्या सभेत हा ठराव झाला नाही, कुठल्या पुस्तकात छापला नाही. आपल्या समाजाचे इतिहास मी वाचले आहेत. त्यांत मंदिरं कुणी बांधली, संस्था कुणी काढल्या, देणग्या कुणी दिल्या हे सगळं आहे. पण चुलीवर काय चढायचं आणि काय नाही हे घराघरात ज्यांनी ठरवलं, त्यांच्या नावाची एक ओळ नाही. आणि त्यांनी ते आंधळेपणाने ठरवलं नाही. हे काय आहे, कुठून आलं, यात कुणाचा जीव गेला का, हे विचारून ठरवलं.

टोमॅटोने चिंचेची जागा घेतली हे मात्र मला आजही पूर्ण पटत नाही. चिंच आपल्या मातीतली, एकदा फोडून मीठ लावून ठेवली की वर्षभर पुरते. टोमॅटो दर आठवड्याला विकत आणायचा. भाव कसा, तर २०२३ च्या जुलैत किलोला शंभराच्या वर, आणि सप्टेंबरात शेतकरी कॅरेटच्या कॅरेट रस्त्यावर ओतत होते. महाग झाला की आपण रडायचं, स्वस्त झाला की शेतकऱ्याने रडायचं. सार करायचं असेल तर मी अजूनही आधी चिंचेच्या बरणीकडे बघते.

आता सूप. आपलं सार आणि साहेबाचं सूप यांत फरक काय? सार पातळ, भाताबरोबर घ्यायचं, वरून तूप-जिऱ्याची फोडणी. सूप घट्ट आणि जेवणाआधी प्यायचं. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीने १८९७ मध्ये आटवलेलं सूप डब्यात भरून विकायला सुरुवात केली, त्यात टोमॅटोचं होतं, आणि तिथून ते जगभर घरोघरी गेलं. आपल्याकडे ते क्लबात, मोठ्या हॉटेलांत आणि रेल्वेच्या जेवणात राहिलं. राजधानी एक्स्प्रेस १९६९ मध्ये सुरू झाली. त्या गाडीतलं टोमॅटो सूप आणि सोबतची कुरकुरीत ब्रेडची कांडी ज्यांनी खाल्ली ते अजून नाव काढतात. बीड-अंबाजोगाईकडे सूप खऱ्या अर्थाने आलं ते लग्नांच्या पंगती जाऊन बुफे आले तेव्हा. दारातच पेला हातात द्यायचे, वर तळलेल्या पावाचे तुकडे.

तिथे पुन्हा बायकांचा तोच प्रश्न. हे घट्ट कशाने झालं? लाल कशाने झालं? विलायती पद्धतीच्या सूपात खाली हाडांचा अर्क असू शकतो. शाकाहारी आचारी असला तरी रंगाला बीट, दाटपणाला गाजर-बटाटा आणि चवीला कांदा-लसूण घालतोच. आता आचारी 'जैन सूप' वेगळं करतात ते फुकटचं नाही. आपल्या बायकांनी लग्नालग्नांत, पेला हातात न घेता, विचारून विचारून ते करायला लावलं आहे.

आणि आता चीज, ज्यावरून हे सगळं सुरू झालं.

दूध दोन तऱ्हांनी फाटतं. एक, आंबट घालून. लिंबू, ताक, व्हिनेगर. त्याचं होतं पनीर. दुसरी तऱ्हा रेनेट घालून. रेनेट म्हणजे दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरात असणारं पाचक द्रव्य. ते वासराला आईचं दूध पचावं म्हणून असतं. ते काढायचं तर वासरू मारावं लागतं. युरोपात शेकडो वर्षं बहुतेक चीज असंच होत आलं. डेन्मार्कच्या ख्रिश्चन हॅन्सेन यांनी १८७४ मध्ये तर त्याचा कारखानाच काढला. आपल्यातल्या जाणत्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी चीजला दार बंद केलं, आणि ते योग्यच होतं.

गंमत बघा. टोमॅटो अनोळखी होता म्हणून बाहेर होता आणि ओळख पटल्यावर आत आला. चीजचं अगदी उलट. कळलं नव्हतं तोवर अनेक घरांत सॅन्डविचमधून आत आलं होतं, आणि ओळख पटल्यावर बाहेर गेलं. कसोटी दोन्ही वेळा एकच होती.

पुढे चीजची गोष्टही बदलली. १९६० नंतर जगात वासरांचं रेनेट कमी पडू लागलं. तेव्हा जपानी शास्त्रज्ञांना एका बुरशीत तसंच काम करणारं द्रव्य सापडलं. मग १९९० मध्ये अमेरिकेने सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेल्या रेनेटला मान्यता दिली. आपल्याकडे अमूलसारखे मोठे उत्पादक आता सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट वापरतात आणि तसं पाकिटावर छापतात. हिरव्या ठिपक्याचा नियम २००१ मध्ये आला, तेव्हापासून निदान बघायला काहीतरी खूण आहे. परदेशी चीज, हॉटेलातला पिझ्झा, विमानातलं जेवण, इथे मात्र अजूनही विचारूनच घ्यावं. शिवाय अनेक महिने मुरवलेलं चीज म्हणजे आपल्या हिशेबाने चलित रस नाही का, हा प्रश्न उरतोच. ज्यांच्याकडे कालची पोळी चालत नाही त्यांनी वर्षापूर्वीचं चीज कसं खायचं?

म्हणून मंडळातल्या त्या मैत्रिणीला मी सांगितलं, सुनेला नाही म्हणू नकोस, गोळे घरच्या ताज्या पनीरचे करायला सांग. ती म्हणाली, "पण ते तर बदलून केल्यासारखं झालं." मी म्हटलं, मूळ कुठलं ते तरी बघू. दुधाच्या घट्ट भागाचे गोळे करून रश्शात शिजवायचे ही युरोपात जुनी रीत आहे, तिथेही बहुतेक ठिकाणी ते ताज्या, न मुरवलेल्या चीजचेच करतात. आणि आपल्याकडे? कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूरच्या पलीकडे बिदर जिल्ह्यात. आपला हा मुलूख तेव्हा त्याच राज्यात होता. त्या ग्रंथात तापवलेलं दूध आंबट घालून फाडायचं, पाणी काढून टाकायचं आणि घट्ट भागाचा गोड पदार्थ करायचा हे दिलेलं आहे. (त्यात मांसाचेही पुष्कळ पदार्थ आहेत, ती पानं आपण उलटून पुढे जायची.) हेमचंद्राचार्य गुजरातेत लिहीत होते त्याच शतकात इथे फाटलेल्या दुधाचा पदार्थ राजाच्या ताटात होता.

रश्शातले गोळेही आपल्याला नवे नाहीत. मराठवाड्यात कुळथाचे शेंगोळे आहेत, वरणफळं आहेत. आपण मारवाडातून येताना गट्टे घेऊन आलो. सुनेने नवं काही आणलं असेल तर ते फक्त नाव.

आता कृती. चार माणसांना पुरते.

एक लिटर म्हशीचं दूध उकळून दोन लिंबांच्या रसाने फाडा. फडक्यात गाळून, धुऊन, अर्धा तास टांगून ठेवा. साधारण २०० ग्रॅम पनीर निघतं. ते ताटात घेऊन तळव्याने पाच मिनिटं चांगलं मळा, रसगुल्ल्याला मळतो तसं, कण राहता कामा नये. त्यात तीन चमचे तांदळाचं पीठ, एक चमचा बारीक रवा, मीठ, मिरपूड, कोथिंबीर. बेसन घालू नका. दूध उकळलेलं असल्याने द्विदलाचा दोष लागत नाही, पण ताटावर बसलेल्या कुणाला शंकाही यायला नको. बोराएवढे गोळे वळा. उकळत्या पाण्यात आधी एकच सोडून बघा. फुटला तर आणखी अर्धा चमचा पीठ. मग सगळे सोडा, वर तरंगले की सात-आठ मिनिटं मंद आचेवर ठेवा. आंबट घालून केलेलं पनीर उष्णतेने वितळत नाही म्हणून हे गोळे टिकतात. विकतच्या चीजचे केले तर सूपात विरघळून तारा सुटतात.

सूपाला एक किलो लाल पिकलेले टोमॅटो आणि वाटीभर दुधी भोपळ्याच्या फोडी कुकरला दोन शिट्ट्या देऊन शिजवा. दुधीने दाटपणा येतो, कॉर्नफ्लोअर लागत नाही. वाटून गाळून घ्या. लोणी नको, चमचाभर तूप. त्यात जिरं, चिमूट हिंग, मिरपूड आणि पाव चमचा सुंठ. सुपारीएवढा गूळ, मीठ. एक उकळी आली की गोळे सोडा. साय किंवा दूध घालायचा मोह झाला तर आवरा, आंबटात फाटतं.

अष्टमी-चौदसला ज्यांच्याकडे लिलोतरी नसते त्यांनी दुसरा दिवस निवडावा. पनीर सकाळी करून ठेवलं तरी चालतं, पण त्याच दिवशी संपवायचं. आणि थंडीच्या दिवसांत आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा चोविहार असणाऱ्यांनी कुकर साडेचारलाच चढवावा. गोळे फार गरम असतात, घाईघाईत जीभ भाजते.